हौसेचें मोल

‘हौसेला मोल नाहीं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्नकार्यांत एखादा खर्च अंदाजाबाहेर गेला, किंवा ओढगस्तीच्या दिवसांत घरांतल्या कर्त्या मनुष्यानें सतार विकत आणली, म्हणजे वडील मंडळी ही म्हण उच्चारतात आणि त्या खर्चाकडे डोळेझांक करतात. हौसेला किंमत पडत नाहीं असा या म्हणीचा अर्थ नव्हे. ती किंमत कोणीं विचारूं नये, एवढाच तिचा भावार्थ आहे. आज ज्या लोकांची ओळख वाचकांस करून द्यावयाची आहे, त्यांना मात्र ही किंमत मोजल्यावांचून एक पाऊलहि टाकतां येत नाहीं.

हे लोक म्हणजे इंग्लंडांतील हौशी मोटार-सायकलस्वार. आठवड्याचे पांच दिवस यांच्यापैकीं कोणी शाळेंत शिकवितो, कोणी नळ दुरुस्त करतो, कोणी कचेरींत हिशेब लिहितो. वर्षांतून कांहीं ठराविक शनिवार-रविवारीं मात्र हीच माणसें कातडी पोशाख आणि शिरस्त्राण चढवून शर्यतीच्या वाटेवर उतरतात, लांब सरळ पट्टीवर ताशीं दीडशें मैलांच्या वेगाला स्पर्श करतात, आणि सोमवारीं पुन्हां कामावर हजर होतात. त्यांना कोणी वेतन देत नाहीं. प्रवेश-फी, टायर, पेट्रोल, मोडतोड, सर्व खर्च त्यांचा त्यांनाच सोसावा लागतो. जिंकलें तर पदरांत पडतो तो एक लहानसा चषक.

इंग्रजींत हौशी मनुष्याला जो शब्द लावतात त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘प्रेम करणें’ या धातूंत आहे. आपला ‘हौस’ हा शब्द अरबींतला असून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला; मूळ ठिकाणीं त्याचा अर्थ वासना किंवा वेड असा होतो. प्रेम आणि वेड यांच्या मधोमध जी अरुंद पट्टी आहे तिच्यावरून हे स्वार धांवत असतात, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

अशा शर्यती भरविणाऱ्या संस्थांपैकीं ‘ब्रिटिश मोटार-सायकल रेसिंग क्लब’ ही फार जुनी संस्था. तिची स्थापना १९०९ सालीं झाली, आणि ‘बेमसी’ या लाडक्या नांवानें ती ओळखली जाते. आरंभीं तिच्या शर्यती सरे परगण्यांतील ब्रुकलंड्स येथें होत. मुद्दाम शर्यतींसाठींच बांधलेली ही वाट १९०७ सालीं खुली झाली होती. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रुकलंड्सच्या शर्यती कायमच्या बंद पडल्या, आणि क्लबांनीं दुसरीं ठिकाणें शोधलीं. केंट परगण्यांतील ब्रँड्स हॅच हें त्यांतलेंच एक. तेथील लहान वाट सुमारें १.२ मैल लांबीची असून चांगला स्वार तिची एक फेरी मिनिटाच्या आंत पुरी करतो. पहिलेंच वळण उजवीकडे घेत असतांना पायाखालचा रस्ता एकदम खालीं उतरत जातो. विहिरीच्या कांठावरून आंत झुकावें तसें नवख्याला वाटतें.

शर्यतीच्या दिवसाचा आरंभ वेगानें होत नाहीं, तपासणीनें होतो. सकाळीं प्रत्येक स्वारानें आपली गाडी तपासनिसापुढें उभी करावयाची. तेल सोडण्याच्या तोंडाचा पेंचदार बोल्ट हादऱ्यानें सैल होऊं नये म्हणून त्याला बारीक तारेनें जखडलेलें असलें पाहिजे. इंजिन फुटलेंच तर तेल रस्त्यावर न सांडतां झेललें जावें म्हणून खालीं तबकासारखें आवरण पाहिजे. इंजिन थंड ठेवण्यासाठीं नुसतें पाणीच वापरावयाचें. थंडींत गोठूं नये म्हणून एरवीं त्यांत जें द्रव्य मिसळतात तें सांडल्यास रस्ता निसरडा होतो, म्हणून त्याला मनाई. आवाजहि मोजला जातो. वाचकांच्या लक्षांत येईल कीं यांतले बहुतेक नियम स्वतःच्या रक्षणासाठीं नसून मागून येणाऱ्याच्या रक्षणासाठीं आहेत. माझ्या हौसेचा चट्टा दुसऱ्याच्या अंगाला लागूं नये, ही या खेळांतली पहिली शिकवण होय.

नवख्या स्वाराला परवाना मिळण्यापूर्वीं एक दिवसाचें शिक्षण घ्यावें लागतें. त्यानंतरहि आरंभींच्या शर्यतींत त्याला अंगावर नारिंगी रंगाची बंडी घालावी लागते, म्हणजे मागचा स्वार ओळखतो कीं पुढचा अजून कच्चा आहे, त्याला जरा जागा सोडून जावें. वाटेच्या कडेला ठिकठिकाणीं निशाणें घेऊन जी माणसें उभीं असतात, तींहि बहुधा हौशीच. ऊन-पावसांत दिवसभर उभें राहून पिवळें निशाण दाखवून धोक्याची सूचना द्यावयाची, आणि कोणी पडला तर सर्वांच्या आधीं धांवत जावयाचें, एवढेंच त्यांचें काम. ही मंडळी नसती तर एकहि शर्यत होऊं शकली नसती.

आतां गाड्यांकडे वळूं. ‘सुपरबाइक’ हा शब्द १९६९ नंतर रूढ होत गेला. त्या सालीं जपानच्या होंडा कंपनीनें सी. बी. ७५० ही गाडी बाजारांत आणली. शेजारीं शेजारीं बसविलेलीं चार सिलिंडरें, पुढच्या चाकाला तबकडीचा ब्रेक, आणि कळ दाबतांच सुरू होणारें इंजिन, हीं सर्व एका गाडींत सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा भावानें मिळूं लागलीं. १९७२ सालीं कावासाकीनें ९०३ घन सेंटिमीटरची झेड-वन काढून तिच्यावर कडी केली. १९८५ सालीं सुझुकीनें अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची हलकी जी. एस. एक्स.-आर. ७५० आणली, जणूं शर्यतीचीच गाडी दिवे लावून रस्त्यावर सोडली होती. १९८८ सालीं सुपरबाइकांची जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा सुरू झाली. जी गाडी दुकानांत विकत मिळते तिच्याच जातीची गाडी या स्पर्धेंत उतरावी, असा तिचा मूळ नियम. पुढें १९९२ सालीं होंडाची ‘फायरब्लेड’ आली. इंजिन ८९३ घन सेंटिमीटरचें, पण वजन ६०० च्या गाडीएवढें. १९९८ सालीं यामाहाची आर-वन आली आणि फायरब्लेडहि मागें पडल्यासारखी झाली.

या सर्व गाड्या आतां जुन्या झाल्या. आजच्या नव्या गाड्यांपुढें त्यांचा टिकाव लागत नाहीं. मग हौशी स्वार त्यांना का कवटाळून बसतो? पहिलें कारण उघड आहे. नवी सुपरबाइक महाग, आणि शर्यतींत पडली तर एका क्षणांत तिची दुर्दशा. जुनी गाडी बेताच्या किंमतींत मिळते, तिचे सुटे भाग मोडक्या गाड्यांतून काढून आणतां येतात, आणि कित्येक क्लबांनीं गाडीच्या वयाप्रमाणें वर्ग पाडल्यामुळें जुन्याची बरोबरी जुन्याशींच होते. घरांतल्या जुन्या भांड्याला कल्हई करून वापरणाऱ्या आपल्या वाचक-भगिनींना हा विचार नवा वाटणार नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे. या गाड्या मालकाला आपल्या हातांनीं उघडतां येतात. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण ‘कार्ब्युरेटर’ नांवाच्या साध्या यांत्रिक साधनांत होई. एका लहानशा वाटींत पेट्रोल सांठतें, तरंगणाऱ्या गोळ्यानें त्याची पातळी राखली जाते, आणि पितळेच्या बारीक छिद्रांतून ओढलें जाऊन तें हवेबरोबर इंजिनांत शिरतें. छिद्र किंचित् लहान-मोठें केलें कीं इंजिनाचा स्वभाव बदलतो. थंड, दमट दिवशीं एक छिद्र, उन्हाळ्याच्या दिवशीं दुसरें. हिंवाळ्यांत शर्यती बंद असतात तेव्हां हा स्वार रात्रीं जेवण झाल्यावर शेडमध्यें जाऊन बसतो, चार कार्ब्युरेटर टेबलावर मांडतो आणि एकेक छिद्र फुंकून साफ करतो. उजव्या हाताच्या मुठीपासून इंजिनापर्यंत एक पोलादी तार गेलेली असते. मूठ जितकी पिळावी तितकेंच दार उघडतें. मध्यें दुसरा कोणी नाहीं.

हें ‘मध्यें कोणी नसणें’ म्हणजे काय, तें समजण्यासाठीं थोडा हिशेब पाहूं. मोटार-सायकल रस्त्याला टेकते ती दोन तळहातांएवढ्या जागेवर. त्या जागेंत टायर आणि रस्ता यांची जी पकड असते ती घराच्या मासिक प्राप्तीसारखी समजावी. तिची एक मर्यादा ठरलेली आहे. तिच्यांतून दोन मुख्य खर्च भागवावयाचे: एक वेग कमी-जास्त करण्याचा, दुसरा वळण घेण्याचा. ब्रेक दाबण्यांत जितकी पकड खर्ची पडेल तितकी वळणासाठीं कमी उरते. म्हणून जाणता स्वार सरळ रस्त्यावरच बहुतेक ब्रेक लावून घेतो, वळणांत शिरतां शिरतां बोट हळूहळू ढिलें करतो, गाडी पूर्ण झुकली कीं दोन्ही हात शांत ठेवतो, आणि गाडी उभी होऊं लागली म्हणजे तेवढ्याच हळुवारपणें मूठ पिळतो. गाडी ४५ अंशांनीं झुकली असतां तिला बाजूला ओढणारा जोर जवळजवळ तिच्या वजनाइतका असतो. अशा वेळीं हिशेबांत एका पैची चूक झाली तर दिवाळें ठरलेलें!

नव्या गाड्यांत हा हिशेब ठेवण्यासाठीं विद्युत्-यंत्राचा मुनीम बसविलेला असतो. चाकांचा वेग आणि गाडीचा कल तो क्षणोक्षणीं मोजतो आणि मालकानें उधळपट्टी आरंभली कीं त्याचा हात धरतो. या मुनिमानें पुष्कळांचीं हाडें वांचविलीं आहेत यांत शंका नाहीं, आणि त्याची थट्टा करणें शहाणपणाचें होणार नाहीं. पण जुन्या गाडीवर मुनीम नाहीं. तेथें प्रत्येक चूक आपली असते आणि प्रत्येक बरोबर आलेला ताळाहि आपलाच असतो. हौशी स्वाराला जुन्या गाडीचें जें प्रेम वाटतें त्याचें मर्म मला तरी येथेंच दिसतें. त्याला केवळ वेग नको असतो; वेगाचा हिशेब आपल्याला येतो कीं नाहीं हें त्याला पाहावयाचें असतें.

हाताला लागलेली ही विद्या कधीं कधीं खेळाच्या बाहेरहि कामास येते. बिॲट्रिस शिलिंग या इंग्रज बाईंची गोष्ट या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९०९ सालचा, म्हणजे बेमसी क्लब निघाला त्याच वर्षाचा. चौदाव्या वर्षीं त्यांनीं मोटार-सायकल घेतली, पुढें मँचेस्टर येथें इंजिनिअरिंगची पदवी मिळविली आणि फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधनसंस्थेंत त्या दाखल झाल्या. ब्रुकलंड्सच्या वाटेवर ताशीं १०० मैलांहून अधिक वेगानें फेरी मारणाऱ्यास क्लबाकडून सोन्याचा तारा मिळे. तो शिलिंगबाईंनीं १९३४ सालीं आपल्या नॉर्टन गाडीवर ताशीं १०६ मैल वेगानें मिळविला. जॉर्ज नेलर यांच्याशीं १९३८ सालीं त्यांचा विवाह झाला. ‘आपणहि सोन्याचा तारा मिळवा, मग लग्नाचें बोलूं,’ अशी अट त्यांनीं नियोजित वराला घातली होती अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नेलर यांनीं तारा मिळविला होता एवढें खरें!

पुढें महायुद्धांत एक संकट उभें राहिलें. ‘मर्लिन’ इंजिन बसविलेलीं इंग्रज लढाऊ विमानें एकदम नाक खालीं करून सूर मारूं लागलीं कीं त्यांचें इंजिन बंद पडे. जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. दोष कार्ब्युरेटरचा होता. वर सांगितलेल्या वाटींतील पेट्रोल उसळून पुरवठ्याचा तोल बिघडे आणि शेवटीं इंजिनांत पेट्रोलचा पूर येई. शिलिंगबाईंनीं १९४१ सालीं मधोमध भोंक असलेली एक लहानशी धातूची चकती योजली. इंजिनाला लागेल तेवढेंच पेट्रोल तिच्यांतून जाई. ती बसविण्यास विमान हलवावें लागत नसे. बाई आपल्या पथकासह विमानतळांमागून विमानतळ पालथे घालून ती बसवीत फिरल्या. पेट्रोलच्या छिद्राचें माप हा शेडमध्यें बसणाऱ्या हौशी स्वाराचा रोजचा विषय, आणि वैमानिकांचे प्राण वांचविण्यास तोच कारणी लागला.

परंतु हौसेची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोंकाला इन्व्हरकार्गिल नांवाचें गांव आहे. तेथील बर्ट मन्रो या गृहस्थानें १९२० सालीं ‘इंडियन’ कंपनीची ६०० घन सेंटिमीटरची एक मोटार-सायकल घेतली. ही कंपनी अमेरिकेंतली. तिच्या नांवाचा आपल्या देशाशीं संबंध नाहीं. गाडीचा मूळ वेग ताशीं सुमारें ५५ मैल. मन्रोनें तीच एक गाडी पुढें जन्मभर सुधारीत नेली. पिस्टन तो जुन्या डब्यांत धातु ओतून घरीं करी. तुटलेल्या भागांची त्यानें एक फळी भरून ठेवली होती आणि वेगदेवतेला वाहिलेला नैवेद्य असें तिला नांव दिलें होतें. अखेर १९६७ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठागराच्या मैदानावर त्यानें त्याच गाडीवर १००० घन सेंटिमीटरच्या आंतील वर्गाचा विक्रम केला. जातांना ताशीं १८४.७१० मैल, येतांना १८३.४६३. या दोहोंची सरासरी काढतांना मात्र नोंद ठेवणाऱ्यांची चूक झाली आणि १८३.५८६ असा आंकडा लिहिला गेला. ही चूक पुढें मन्रोच्या मुलाच्या लक्षांत आली, आणि २०१४ सालीं, पित्याच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनीं, आंकडा दुरुस्त होऊन १८४.०८७ झाला. बापाच्या हौसेचा ताळा शेवटीं मुलानें जमविला! पण या हिशेबाचें आणखीहि एक पान आहे. मन्रोला पत्नी आणि चार मुलें होतीं, आणि तो संसार टिकला नाहीं. त्याचीं उत्तरायुष्यांतलीं वर्षें त्या गाडीच्या शेडींत, तिच्या शेजारींच गेलीं. फळीवरील तुटक्या पिस्टनांत हाहि एक नैवेद्य होता, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आणि प्राणांचें काय? इंग्लंड व आयर्लंड यांच्या मध्यें समुद्रांत मॅन नांवाचें बेट आहे. तेथें शर्यतीसाठीं वेगळी वाट नाहीं. गांवांतून, दगडी भिंतींच्या मधून आणि डोंगरावरून जाणारे नेहमींचे रस्तेच बंद करून त्यांवर शर्यत होते. एक फेरी ३७.७३ मैलांची. या डोंगरी वाटेवर १९११ पासून मोटार-सायकलींच्या शर्यती होत आल्या आहेत, आणि पहिला स्वार त्याच वर्षीं सरावांत दगावला. तेव्हांपासून आजवर मेलेल्या स्वारांची संख्या अडीचशेंच्या वर गेली आहे. १९७२ सालीं जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार तेथें मृत्यु पावल्यावर त्याचा मित्र, जगज्जेता जाकोमो आगोस्तिनी, यानें त्या बेटावर पुन्हां शर्यत न करण्याचें ठरविलें. इतर धंदेवाईक स्वारहि दूर झाले, आणि १९७६ नंतर तेथील शर्यत जागतिक अजिंक्यपदांतून वगळण्यांत आली.

पण त्याच बेटावर हौशी लोकांसाठीं १९२३ सालीं एक निराळी शर्यत सुरू झाली होती. ‘हौशी कोण?’ या प्रश्नावर तेव्हां मोठा वाद माजे. कारखानदाराकडून मदत घेतली तर तो हौशी राहतो काय, याची कसून चौकशी होई. अखेर कंटाळून १९३० सालीं व्याख्याच सोडून दिली आणि शर्यतीला ‘मँक्स ग्रां प्री’ हें नांव दिलें. धंदेवाईकांनीं जागतिक शर्यतीसाठीं नाकारलेल्या त्या वाटेवर हौशी लोक पुढेंहि जात राहिले. यांत एक विचित्र न्याय आहे. ज्याचें पोट शर्यतीवर आहे तो ‘हें काम मी करणार नाहीं’ असें म्हणूं शकतो. ज्याला जाण्यास कोणीच भाग पाडीत नाहीं, त्याला नाहीं म्हणण्यास कारण कोठून सांपडावें?

घरच्या माणसांच्या बाजूनें हा फरक मोजावयाचा तर एक साधें माप आहे. क्लबाच्या शर्यतीला स्वाराची पत्नी, भाऊ किंवा मुलगा वाटेच्या कडेला पाटी धरून उभा असतो. किती फेऱ्या उरल्या आणि मागची फेरी किती वेळांत झाली हें त्या पाटीवर लिहिलेलें असतें. ब्रँड्स हॅचवर स्वार एकदां समोरून गेला कीं मिनिटाच्या आंत पुन्हां दिसतो. मॅन बेटावर चांगल्या हौशी स्वारालाहि एका फेरीला सुमारें वीस मिनिटें लागतात. त्या वीस मिनिटांत पाटी धरणारानें काय करावें?

मला वाटतें, बंद वाटेवरच्या क्लबाच्या शर्यती आणि बेटावरची शर्यत या एका तागडींत घालतां येणार नाहींत. क्लबाच्या वाटेवर पडणाऱ्यास घसरत जाण्यास मोकळी जागा असते, डॉक्टर जवळ असतो, निशाणवाला हांकेच्या अंतरावर असतो. तेथेंहि हाडें मोडतात, आणि क्वचित् प्राणहि जातात. तरी तेथें मनुष्यानें आपली चूक ओळखून पुढच्या रविवारीं ती सुधारावी इतकी सवड बहुधा राहते. शिकण्यास सवड देणारा धोका आणि पहिल्याच चुकीला सर्व भांडवल जप्त करणारा धोका, हे दोन निराळे आहेत. ज्याच्या मागें मुलेंबाळें आहेत त्यानें दुसऱ्या प्रकारची हौस करावी काय, याला माझें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. तीं मुलें त्या हौसेचीं भागीदार आहेत, पण त्यांची सही कोणीं घेतलेली नसते.

पहिल्या प्रकारच्या हौसेला मात्र मी नांवें ठेवणार नाहीं. पंचवीस वर्षांची जुनी गाडी आपल्या हातानें उघडून पुन्हां जुळविणें, तपासनिसापुढें मान खालीं घालून उभें राहणें, आपल्याहून सरस स्वाराला वाट देणें, आणि पकडीची प्राप्ति पाहून खर्च करणें, ही कांहीं लहान शिस्त नव्हे. पुष्कळ सुशिक्षित माणसांना ती जन्मभर साधत नाहीं. आपल्याहि घरांत उद्यां एखादा मुलगा किंवा मुलगी असल्या कसल्यातरी हौसेचा हट्ट धरील. तेव्हां ‘हौसेला मोल नाहीं’ म्हणून डोळेझांक करूं नये, आणि एकदम दारहि लावून घेऊं नये. जवळ बसवून विचारावें कीं, बाळ, याची किंमत किती, आणि ती कोण भरणार? ज्याला या दोन प्रश्नांचीं उत्तरें नीट देतां येतील, त्याच्या हातीं किल्ली देण्यास हरकत नाहीं.